धूर की धुकं?

चेन्नईतल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकदा एक साधा प्रयोग बघत उभा होतो. लाकडी स्टँडमध्ये दोन परीक्षानळ्या होत्या. दोन्हींत सोन्याचं कलिल होतं, म्हणजे सोन्याचे जेमतेम तेरा-चौदा नॅनोमीटरचे गोल कण पाण्यात विखुरलेले. रंग डाळिंबाच्या रसासारखा, पण आरपार दिसणारा. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने पहिल्या नळीत थोडं ऊर्ध्वपातित पाणी घातलं. रंग थोडा फिका झाला, बाकी काही घडलं नाही. दुसऱ्या नळीत तिने तेवढंच पाणी तिरुवान्मियूरच्या आमच्या इमारतीतल्या बोअरचं घातलं. ते मी घरून बाटलीत भरून नेलं होतं. मिनिटभरात लाल रंग जांभळा झाला, मग निळसर राखाडी. "मॅडम, मर्क्युरी!" असं म्हणत ती मार्गदर्शक बाईंकडे वळली. तिचा प्रकल्पच पाऱ्याच्या सेन्सरचा होता. पाण्यात पारा असला की सोन्याचे कण एकमेकांजवळ ओढले जातात आणि लालाचा निळा होतो, हे तिने वाचलं होतं आणि स्वतः करूनही पाहिलं होतं.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कलिलाची आणखी एक नळी घेतली आणि तिच्यात शुद्ध पाण्यात विरघळवलेलं स्वयंपाकघरातलं मीठ घातलं. तीही निळी झाली.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. त्या कणांवर सायट्रेटचा ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. पाण्यात क्षार वाढले की हा भार झाकला जातो आणि कण गोळा होतात. आमचं बोअरचं पाणी मचूळ आहे, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरच्या बाजूला तर भूजलात समुद्र किती आत शिरला आहे यावर भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. त्या विद्यार्थिनीच्या सेन्सरची संवेदनक्षमता उत्तम होती. पाऱ्याचा अगदी सूक्ष्म अंश तो ओळखू शकत होता. फक्त या शहराच्या पाण्यात पारा आहे की मीठ, हे त्याला सांगता येत नव्हतं.

सेन्सरच्या क्षेत्रात सर्वत्र रुळलेल्या ज्या मताचं खंडन मला इथे करायचं आहे, त्याची चूक त्या निळ्या नळीत स्पष्ट दिसते. सेन्सरची थोरवी तो किती कमी पदार्थ ओळखतो यावर ठरते, असं ते मत आहे. नॅनोग्रॅम ओळखणाऱ्यापेक्षा पिकोग्रॅम ओळखणारा श्रेष्ठ, त्याहून फेमटोग्रॅमवाला श्रेष्ठ, आणि एकच रेणू ओळखणारा आला की गंगेत घोडं न्हालं. शोधनिबंधांच्या शेवटी एक तक्ता असतो. त्यात आधीच्या सगळ्यांची किमान ओळखमर्यादा दिलेली असते आणि सगळ्यात खाली, सगळ्यात लहान आकड्यासह लेखकांची स्वतःची. वर्तमानपत्रांतल्या बातम्याही त्याच आकड्यावर बेतलेल्या असतात.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, हे खंडन-मंडनाच्या परंपरेला शोभणारं नाही. म्हणून आधी त्याचं बळ सांगतो. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर सामूहिक हेलकावे घेतात, त्यांना प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याच्या बारीक कणांत हा ताल हिरव्या प्रकाशाशी, साधारण ५२० नॅनोमीटरला, जुळतो. म्हणून हिरवा प्रकाश गिळला जातो आणि कलिल लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या या रंगांचा अभ्यास केला आणि १९०८ मध्ये गुस्टाव मी याने त्याचं गणित मांडलं. १९६८ मध्ये आंद्रेआस ऑटो आणि एर्विन क्रेचमन यांनी, वेगवेगळ्या मांडण्यांनी, काचेच्या लोलकाच्या आधारे धातूच्या पातळ थरात हे हेलकावे उठवून दाखवले. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या लीडबर्ग, नीलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी क्रेचमनच्या मांडणीने वायू आणि प्रतिपिंडं ओळखली आणि १९९० मध्ये तिथूनच 'बायाकोर' हे उपकरण बाजारात आलं. दुसरी वाट रामन परिणामाची, म्हणजे रेणूने विखुरलेल्या प्रकाशाच्या किंचित बदललेल्या रंगाची. १९७४ मध्ये साउथॅम्प्टनच्या फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा रामन संकेत अनपेक्षितपणे तीव्र मिळाला. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी याच मार्गाने एकेकटा रेणू ओळखल्याचं जाहीर केलं. प्रत्येक टप्प्यावर संवेदनक्षमता वाढली आणि ज्ञानही वाढलं. मग तीच प्रगतीची मोजपट्टी का नसावी?

पूर्वपक्षाकडे व्यवहारातले दाखलेही आहेत. २०२० मध्ये अनेक राज्यं झटपट अँटिजेन चाचण्यांकडे वळली, पण तमिळनाडूने हट्टाने आरटी-पीसीआरच धरून ठेवली आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा उभ्या केल्या. अधिक संवेदनक्षम चाचणी निवडणारं राज्य म्हणून त्याचं कौतुकही झालं. दुसरा दाखला हृदयविकाराचा. ट्रोपोनिन या प्रथिनाची नवी, अतिसंवेदनक्षम चाचणी आली आणि झटक्याचं निदान काही तास आधी होऊ लागलं. हे दोन्ही दाखले खरे आहेत, आणि उत्तर देताना मला ते टाळता येणार नाहीत.

आता तर्काची हत्यारं. चेन्नईत मरीना किनाऱ्यासमोर कामराजर रस्त्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजची इमारत उभी आहे. ज्यांच्या नावाचा तो रामन परिणाम, ते चंद्रशेखर वेंकट रामन तिथले विद्यार्थी. आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनावरचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि याच कॉलेजात शिकत होते. त्याच कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या एस. कुप्पुस्वामी शास्त्री यांनी अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या ग्रंथावर इंग्रजीत एक पाठ्यपुस्तक लिहिलं. ते १९३२ मध्ये निघालं. प्रकाशाचं शास्त्र आणि अनुमानाचं शास्त्र एकाच इमारतीत शिकवलं गेलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण सेन्सरच्या प्रश्नात या दोन्हींची गरज पडते.

सेन्सर पदार्थ 'पाहतो' असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात तो पदार्थ पाहत नाही. प्रकाशाचा कोन बदलला, रंग सरकला, तीव्रता घटली, एवढंच त्याला कळतं. त्यावरून 'पदार्थ आहे' हे आपण ठरवतो. म्हणजे सेन्सरचं ज्ञान हे प्रत्यक्ष नव्हे, ते अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, त्याच जातीचं. आणि नैयायिकांनी शतकानुशतकं सगळ्यात जास्त कष्ट कशावर घेतले? धूर किती बारीक असला तरी दिसावा यावर नव्हे. दिसतंय ते धूरच आहे की धुकं, हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, व्यभिचारी तर नाही ना, व्याप्तीमागे, म्हणजे 'धूर तिथे अग्नी' या नियमामागे, एखादी उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, लपलेली नाही ना, हे तपासण्यावर त्यांनी बुद्धी खर्च केली. बोअरच्या पाण्याची निळी नळी हा सव्यभिचार हेतूचा शुद्ध नमुना आहे : जे सिद्ध करायचं ते साध्य नाही तिथेही हेतू हजर. अशा हेतूची तीक्ष्णता कितीही वाढवली तरी अनुमान सुधारत नाही. दृष्टी जितकी तेज, तितकं लांबचं धुकंही दिसू लागतं.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून हिशेब मांडतो. एखादा सेन्सर रक्तातलं एखादं प्रथिन फेमटोमोलर पातळीला ओळखतो असं म्हणतात. फेमटोमोलर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६०० रेणू. त्याच रक्तद्रवात अल्ब्युमिन असतं लिटरला चाळीसेक ग्रॅम. भागाकार केला तर हव्या असलेल्या एका रेणूमागे अल्ब्युमिनचे सुमारे साठ हजार कोटी रेणू येतात. समजा सोन्यावर बसवलेलं प्रतिपिंड इतकं चोख आहे की दहा कोटी अल्ब्युमिनमागे एकदाच फसतं. तरीही खऱ्या एका रेणूमागे सहा हजार खोटे येऊन बसतील. सोन्याला दोन्ही सारखेच, कारण त्याला फक्त पृष्ठभागाजवळचा अपवर्तनांक वाढल्याचं कळतं. इथे ओळखमर्यादा आणखी दहापट खाली नेली तर काय साधेल? खऱ्या-खोट्याचं प्रमाण आहे तसंच राहील.

शोधनिबंधांत हे दिसत नाही, कारण बहुतेक ओळखमर्यादा स्वच्छ बफर द्रावणात काढलेल्या असतात. नैयायिकांचाच दाखला घ्या : अग्नी तिथे धूर, हे विधान ओल्या लाकडाच्या अटीवरच खरं ठरतं. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या इंधनाच्या या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. 'रेणू तिथे संकेत, आणि फक्त तिथेच' या विधानामागची उपाधी म्हणजे तो बफर. कूवम नदीच्या पाण्यात, एण्णूरच्या खाडीत, रुग्णाच्या थुंकीत ती उपाधी सुटते आणि व्याप्ती मोडते.

दुसरी अडचण अंतराची. सेन्सर एकच रेणू ओळखू शकतो हे मान्य केलं, तरी तो रेणू सेन्सरपर्यंत यायला हवा. संथ द्रवात मध्यम आकाराचं प्रथिन नुसतं पसरत पसरत एक मिलिमीटर जायला तासाहून अधिक वेळ घेतं. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या शीहन आणि व्हिटमन यांनी २००५ मध्ये यावर चोख गणित मांडलं. रेणूंना मुद्दाम सेन्सरकडे नेण्याची काही सोय केली नाही, तर व्यवहारात परवडेल एवढ्या वेळात एकेकट्या नॅनोसेन्सरची पोच पिकोमोलरच्या आसपासच थांबेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेन्सर जितका लहान, तितकं त्याच्यापर्यंत कुणी पोचण्याची शक्यता कमी. सूक्ष्मतेच्या शर्यतीत सेन्सर लहान करत नेणाऱ्यांना हा निष्कर्ष पचवणं जड गेलं आणि आजही त्याची पुरती दखल घेतली जात नाही. ज्यांनी खरोखर फेमटोमोलरच्या खाली जाऊन दाखवलं, त्यांनी आधी नेमका हाच प्रश्न सोडवला. २०१० मध्ये अमेरिकेत पुढे आलेल्या 'डिजिटल एलायझा'त प्रतिपिंडं लावलेले सूक्ष्म मणी नमुन्यातच मिसळतात आणि रेणू शोधायला त्यांनाच पाठवतात. नंतर एकेक मणी सूक्ष्म खळग्यात बसवून मोजतात.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. पाण्याचं तापमान एक अंशाने वाढलं तर त्याचा अपवर्तनांक साधारण ०.०००१ने कमी होतो. चांगलं प्लाझ्मॉन उपकरण ०.०००००१चा फरकही ओळखतं. म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाइतकं तापमान हललं तरी ते त्याला कळतं, आणि तो बदल रेणू चिकटल्यासारखाच दिसतो. चेन्नईच्या मे महिन्यात वातानुकूलित खोलीचं दार उघडलं की काय होईल, याची कल्पना वाचकाने करावी. इथे संवेदनक्षमता वाढवणं म्हणजे दाराची उघडझाप अधिक बारकाईने नोंदवणं.

बायाकोरची यशकथा याच जागी पुन्हा वाचायला हवी. ती संवेदनक्षमतेचा विजय म्हणून सांगितली जाते, पण औषधनिर्मितीत हे उपकरण टिकलं ते वेगळ्या गुणांवर. सोन्याच्या साधारण पन्नास नॅनोमीटर जाडीच्या पत्र्यावर त्यांनी डेक्स्ट्रानचा पाणीदार थर चढवला, म्हणजे नको ते चिकटणं कमी झालं. शेजारी दुसरी वाहिनी ठेवली. तिच्यात लक्ष्य पकडणारं काही नाही, म्हणून तिचा संकेत पहिलीतून वजा करता येतो. तापमान बांधलं, प्रवाह बांधला. आणि उत्तर 'आहे-नाही' असं न देता काळाच्या रेषेवर दिलं : रेणू किती वेगाने चिकटतो आणि किती वेगाने सुटतो. खरा पाहुणा आणि नुसता धक्का लागलेला वाटसरू यांचं सुटणं वेगळं असतं. संवेदनक्षमतेने पहिलं पाऊल टाकलं, बाकीची वाट विवेकाने चालली.

एका रेणूच्या दाव्याचंही असंच. १९९७ मध्ये रामन संकेत दहाच्या चौदाव्या घातापर्यंत वाढल्याचे आकडे आले. दहा वर्षांनी न्यूझीलंडच्या ल रू, एचेगोइन आणि सहकाऱ्यांनी काळजीपूर्वक मोजून दाखवलं की एकेकटा रेणू दिसायला इतक्या मोठ्या वाढीची गरज नसते आणि ते जुने आकडे फुगलेले होते. २००८ मध्ये इलिनॉयच्या फँग, सिओंग आणि ड्लॉट यांनी रामन संकेत वाढवणाऱ्या अशा एका पृष्ठभागाची जागानिहाय तपासणी केली. दहा लाखांपैकी केवळ ६३ जागा अतितीव्र निघाल्या, आणि एकूण संकेतापैकी २४ टक्के त्या ६३ जागांमधून येत होता. या पृष्ठभागावर एक रेणू दिसला तर तो तिथे नशिबाने पडला म्हणून दिसला. दिसला नाही तर तो नव्हता, असं म्हणता येत नाही. मोजमापाला हे चालत नाही, कारण मोजमापात 'नाही' या उत्तरालाही किंमत असावी लागते.

आता पूर्वपक्षाच्या दाखल्यांकडे. कोविडच्या झटपट पट्टीवरची लाल रेघ बऱ्याच पट्ट्यांत सोन्याच्या कणांची असते. म्हणजे महासाथीत प्लाझ्मॉन घराघरांत पोचला होता, फक्त त्याला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्या रेघेचा आकडा पाहू. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने पहिल्या अँटिजेन पट्टीला मान्यता दिली. तिची संवेदनक्षमता, म्हणजे बाधित माणसाला बाधित म्हणण्याची क्षमता, ५०.६ ते ८४ टक्के नोंदवली होती आणि विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता, ९९.३ ते १०० टक्के. हजार माणसं घ्या, त्यांपैकी पाच खरोखर बाधित. साठ टक्क्यांची पट्टी त्यांतले तीन पकडेल. विशिष्टता ९९.३ धरली तर ९९५ निरोगी माणसांतले सात बाधित ठरतील. दहा 'पॉझिटिव्ह'पैकी सात चुकीचे. आता पूर्वपक्ष म्हणतो तसं संवेदनक्षमता थेट शंभर करा. पाचही सापडतील, पण सात चुकीचे तसेच राहतील. त्याऐवजी विशिष्टता ९९.९ करा. तीन खरे आणि एक चुकीचा. ज्या तालुक्यात रुग्ण विरळ आहेत तिथे यांपैकी कुठली सुधारणा डॉक्टरच्या कामाची, हे वाचकाने स्वतः ठरवावं. पट्टीने सुटलेल्यांसाठी नियम होताच : लक्षणं आहेत आणि पट्टी 'नाही' म्हणते, तर आरटी-पीसीआर करा.

मग तमिळनाडूचं काय? त्या राज्याचा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र त्याचं कारण संवेदनक्षमतेत शोधलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे. आरटी-पीसीआरची ताकद एक प्रत वाढवून कोट्यवधी करण्यात आहे, तशीच ती जनुकीय मजकूर तीन जागी जुळल्याशिवाय उजेड न पडण्यात आहे : दोन टोकांना दोन प्रायमर आणि मध्ये एक प्रोब. साक्षीदार तीन आहेत म्हणून वाढवलेल्या आवाजावर विश्वास ठेवता येतो. आणि जिथे तिची संवेदनक्षमता एकटी उरते, तिथे तीच अडचण होते. जिवंत विषाणू संपल्यावरही आरएनएचे तुटके अवशेष कितीतरी आठवडे दिसत राहतात. ८ मे २०२० रोजी केंद्राने सौम्य रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी पुन्हा चाचणी करण्याची अट काढली, तेव्हा ही मर्यादा जगभरच्या डॉक्टरांच्या अनुभवाला आलेलीच होती.

ट्रोपोनिनचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. 'अतिसंवेदनक्षम' हा शिक्का मिळायला दोन अटी आहेत. निदान निम्म्या निरोगी माणसांत ते प्रथिन मोजता आलं पाहिजे, आणि निरोगी माणसांतल्या ९९व्या शततमकाच्या पातळीला मोजणीतली चढउतार १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पहिली अट पुरी होताच ट्रोपोनिन निरोगी माणसांतही सापडू लागलं आणि 'आहे' या उत्तराला अर्थच उरला नाही. म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आता एक-दोन तासांच्या अंतराने पुन्हा मोजतात आणि आकडा चढतो आहे की स्थिर आहे ते पाहतात. हे शक्य होतं ते दुसऱ्या अटीमुळे. पहिल्या अटीचा गाजावाजा झाला, दुसरीचं नाव कुणी घेत नाही.

इथवर खंडन. मंडनासाठी परदेशात जायची गरज नाही. २००९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून एक शोधनिबंध निघाला. लेखक व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदू कुंडू आणि सौम्यो मुखर्जी. त्यांनी प्रकाशतंतू घेतला, त्याला इंग्रजी 'यू' अक्षरासारखं एक-दोन मिलिमीटरचं वळण दिलं आणि त्या वळणावर सोन्याचे नॅनोकण बसवले. सरळ तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत जातो, बाहेर फारसा डोकावत नाही. वळणावर तो भिंतीशी जास्त झुंजतो, जास्त बाहेर येतो आणि सोन्याला भेटतो. पवईत वळवलेला हा तंतू पुढे साई यांच्याबरोबर चेन्नईला आला. आयआयटी मद्रासमध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काचेच्या जागी प्लॅस्टिकचा तंतू वापरला. तो स्वस्त, सहज वाकणारा, पडला तरी न तुटणारा. वर्णपटमापकाऐवजी एका टोकाला हिरवा एलईडी आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डायोड असला तरी काम भागतं. २०२० मध्ये साई, वेल्लोरच्या व्हीआयटीतले जितेंद्र सतीजा आणि सहकाऱ्यांनी हाच तंतू कोविडच्या विषाणूतल्या एन-प्रथिनासाठी सुचवला.

या तंतूवर दोन प्रतिपिंडांची जी रचना करता येते, तिच्यातला मुद्दा मला जवळून दाखवावासा वाटतो. तंतूवर एक प्रतिपिंड, मोकळ्या सोन्याच्या कणावर दुसरं. मधे विषाणूचं प्रथिन आलं आणि दोन्ही प्रतिपिंडांनी त्याला वेगवेगळ्या जागी धरलं, तरच सोनं तंतूला चिकटतं आणि हिरवा प्रकाश घटतो. अल्ब्युमिन येऊन तंतूवर बसलं तरी त्याच्याबरोबर सोनं येत नाही, म्हणून ते जवळजवळ अदृश्य राहतं. तापमानाने अपवर्तनांक थोडा हलला तरी सोन्याच्या कणांनी गिळलेल्या प्रकाशापुढे तो किरकोळ ठरतो. इथे भर सूक्ष्मतेच्या आकड्यावर नाही, दोन साक्षीदारांवर आहे. रूढ तक्त्यात या गुणाला रकानाच नाही. माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे.

आयआयटी मद्रासमध्येच पल्लब सिन्हा महापात्रा यांच्या गटाने २०२३ मध्ये दुधातली भेसळ कागदावर अर्ध्या मिनिटात रंगाने दाखवणारं साधन मांडलं. त्यात युरिया, साबण, पिष्ट, मीठ असे अनेक पदार्थ आहेत. त्यातला युरिया माझ्या मुद्द्याच्या कामी येतो. गाईच्या दुधात युरिया मुळातच असतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत लिटरला ७०० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. दूध संकलन केंद्रावर पहाटे कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला युरियाचा एक रेणू ओळखणारा सेन्सर दिला, तर तो प्रत्येक कॅनला दोषी ठरवेल. तिथे ७००च्या आसपास विश्वासाने हो किंवा नाही सांगणारा कागद हवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. गरीब देशाच्या संशोधकांनी स्वस्त आणि जाडंभरडं तेवढंच करावं, बारीक विज्ञान श्रीमंतांवर सोपवावं, असं तर हे नाही ना? नाही. दोन प्रतिपिंडांची रचना, पृष्ठभागावर नको ते न चिकटू देणारा थर, नमुन्यातला रेणू सेन्सरपर्यंत आणणारा प्रवाह, शेजारची कोरी वाहिनी : यांतली कुठलीही गोष्ट एक रेणू पाहण्यापेक्षा सोपी नाही. उलट हीच कामं अवघड आहेत आणि त्यांना पुरस्कार कमी मिळतात, म्हणून ती कमी होतात. माझी मागणी एवढीच आहे. ओळखमर्यादेच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा छापावा : ज्यात तो पदार्थ नाही अशा शंभर खऱ्या नमुन्यांत, बोअरच्या, नदीच्या, थुंकीच्या, सेन्सर किती वेळा 'आहे' म्हणाला. आणि हे नमुने जिथे सेन्सर वापरायचा तिथलेच असावेत.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मार्गदर्शक बाईंनी शेवटी आणखी एक नळी भरली. कलिलात आधी जिलेटिनचे काही थेंब टाकले आणि हलकेच ढवळलं. एवढ्याशा जिलेटिनने सोन्याच्या कणांवर आवरण चढतं, हे रिचर्ड झिगमोंडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून ठेवलं होतं. त्याने त्या मोजमापाला 'सुवर्णांक' म्हटलं आणि कलिलांवरच्या कामासाठी पुढे त्याला १९२५चं नोबेल मिळालं. मग बाईंनी विद्यार्थिनीला आमच्या बोअरचं पाणी त्या नळीत घालायला सांगितलं. तिने नळी खिडकीकडे धरली. मिनिट गेलं, पाच गेली. "आता हिच्यावर फक्त पारा ओळखणारं काय बसवायचं, ते तू शोध," बाई म्हणाल्या. विद्यार्थिनीने वहीत पहिल्यांदाच 'बोअरचं पाणी, पारा न मिसळलेलं' असा रकाना आखला. मी संध्याकाळी निघालो तेव्हा स्टँडमधल्या दोन नळ्या निळ्या होत्या, आणि जिलेटिनची नळी अजून लाल होती.